चहाला उकळी येईपर्यंत

आमच्या कंपनीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय, ‘वस्तूला जागा आणि जागेवर वस्तू’. चाकणच्या पट्ट्यात कुठल्याही कंपनीत जा, हे वाक्य भेटतंच. मी तिथं गाड्यांची वायरिंग बनवणाऱ्या लाइनवर लीडर आहे. कटर जरा रेघेबाहेर दिसला तरी माझं डोकं फिरतं, हे लाइनवरच्या सगळ्या पोरींना माहीत आहे. आणि दिघीतलं माझं स्वतःचं दोन खोल्यांचं घर? नुसता उकिरडा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. नवरा भोसरीच्या वर्कशॉपात, त्याची शिफ्ट सारखी बदलते. मुलगी बारावीत, म्हणजे तिनं कशालाही हात लावायचा नाही, असा तिचा नियम. हेल्मेट खुर्चीवर, खुर्ची वाटेत, खुर्चीखालून चार्जरची वायर. दिसणारा माणूस ओलांडून जातो. मग आई राहायला आली.

लातूरकडच्या आमच्या गावाहून ती आली ती डोळ्यांसाठी. काचबिंदू निघाला, आणि कळायला उशीर झाला होता. इथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली जपा, थेंब चुकवू नका. उरली होती म्हणजे काय, तर उजेड कुठून येतो ते कळायचं आणि समोर माणूस हलला तर सावली दिसायची. गावी ती माझ्या थोरल्या भावाकडे असायची. दादा आणि वहिनी तिला फार जपायचे. इतकं जपायचे की तिला खाटेवरून उठू द्यायचे नाहीत. तू बस, आम्ही करतो. आई म्हणायची, “बसून बसून माझं गाठोडं झालंय.”

माझ्याकडेही ती पाहुणी म्हणूनच आली. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हे तिच्या डोक्यातून जातच नव्हतं. आमच्या घराला ती ‘जावयाचं घर’ म्हणायची. चिमूटभर साखर घ्यायची तरी विचारायची, घेऊ का म्हणून. दोन लुगडी आणि एक स्वेटर भरलेली तिची कापडी पिशवी कायम दाराजवळ, चपलांच्या शेजारी. रिकामी करू म्हटलं की म्हणायची, “ऱ्हाऊ दे माय, परत भरायचा ताप.”

एका पहाटे मला जाग आली ती गॅसच्या आवाजानं. आई भिंत धरून ओट्यापाशी गेली होती आणि चहा करत होती. ओरडणार होते, पण तिचे हात बघितले आणि बघतच राहिले. लायटर खिडकीच्या कोपऱ्यात, चहापत्ती त्याच्या अलीकडे, साखर त्याच्याही अलीकडे. आमच्या त्या गबाळ्या ओट्याचा नकाशा तिनं बोटांनी पाठ केला होता. आधण उकळल्याचं तिला आवाजावरून कळत होतं. कप माझ्या हातात देत म्हणाली, “बघ, साखर बरोबर हाय का?” बरोबर होती. डोळे गेल्यापासून तिनं कुणाला काही करून दिलं नव्हतं, आणि त्या सकाळी तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी आईचा चेहरा वाटला. आई माझ्याकडे राहिली तर या चहासाठी राहील, चहा सुटला तर तीही जाईल, हे मला तिथंच कळलं. ती गावी परत जाऊन खाटेवर बसावी असं मला मुळीच वाटत नव्हतं.

म्हणून घर नीट करायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी पदर खोचला. पण मला येतं ते कंपनीचं. मोठे डबे खाली, छोटे वर, एका रंगाची झाकणं एका रांगेत. प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरात चिठ्ठी. फरशीवर पिवळी टेप लावून खुर्च्यांच्या जागा आखल्या. नवरा दारात उभा राहून बघत होता. कंपनीत नको असलेल्या सामानाला लाल टॅग लावून भंगारात काढतात, ते त्याला माहीत. म्हणाला, “एक टॅग मला पण लाव राव, म्हणजे सुटलो.”

संध्याकाळी मी आईला हाताला धरून आणलं. म्हटलं, बघ. ती बघत राहिली. मग हात पुढे करून एक डबा चाचपला. “कागद लावलाय व्हय? लई छान केलंस.”

मुलगी हळूच म्हणाली, “मम्मी, आजीला वाचता येणारे का ते?”

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. दिवसभर राबले, ते सगळं डोळ्यांसाठी. तरी मनाची समजूत घातली, निदान पसारा तरी गेला. पण पसाऱ्याबरोबर आईचा नकाशाही गेला होता, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. नवरा तिसरी शिफ्ट करून आला होता, त्यानं आईनं दिलेला चहा मुकाट्यानं संपवला. मी माझ्या कपाचा पहिला घोट घेतला आणि तो मोरीत थुंकला. मीठ. साखरेच्या जागी मी मिठाचा डबा ठेवला होता. थुंकल्याचा आवाज आईनं ऐकला. “जावयानं पण तसाच पिला?” एवढंच विचारलं. नवरा म्हणाला, “आत्या, मला काही कळलंच नाही, झोपेत होतो.” तिला काय ते कळलं.

त्यानंतर ती ओट्याकडे गेली नाही. खाटेवर बसून राहायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी म्हटलं, चल, चहा कर. म्हणाली, “नको गं. दादाला फोन लाव. मला गावी सोडा.” दादा फोनवर म्हणाला, “मी म्हणतच होतो. दसऱ्याला येतो आणि घेऊन जातो.” मला रडू आलं आणि राग पण आला, आणि राग काढायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

उपाय सापडला तो कामावरच. लाइनवर नवीन पोरगी आली की आम्ही तिला आधी टेबलापाशी उभी करतो. हात पुढे कर म्हणतो. हात जिथं आपोआप पडतो तिथं कटर टांगतो, टेप तिथं. पोरीनं जागेप्रमाणं वाकायचं नाही, जागेनं पोरीप्रमाणं यायचं. त्या दिवशी मी एका पोरीला असंच उभं केलं होतं, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून चमकले. भिंतीवरचं वाक्य मी घरी नेलं होतं, पण हे, जे मी रोज करते, ते नेलं नव्हतं.

घरी आल्यावर आईला ओट्यापाशी उभं केलं. ती कुरकुरली, “आता कशाला? दसऱ्याला तर जायचंय.” म्हटलं, “जाशील तेव्हा जा. तोवर मला चहा कोण देणार?” हे तिला पटलं असावं. तिनं हात पुढे केला. जिथं पडला तिथं साखर ठेवली, मग चहापत्ती, मग लायटर. मिठाला पार दुसऱ्या टोकाला हाकललं. चिठ्ठ्या नखानं खरवडल्या. त्यांचा चिकट गोंद अजून आहे डब्यांवर.

पण डबे जागेवर ठेवणं एकदाचं, ते जागेवर राहणं रोजचं. मी जाहीर केलं की रोज कंपनीची बस यायच्या आधी सगळं घर आवरायचं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमचे तेवढेही झाले नाहीत. मुलगी रुसली, नवरा घोरत पडला, आणि मी कंपनीच्या बसमध्ये चिंच खाल्ल्यासारखं तोंड करून बसायला लागले. शेवटी आईच म्हणाली, “कशाला गं जीव काढायलीस सगळ्यांचा? मी चहा ठिवते. उकळी येस्तोवर जेवढं हुईल तेवढं करा, मग बसा.”

तोच नियम झाला. गॅस पेटल्याचा आवाज आला की आम्ही उठायचं. नवरा दारापासून खुर्चीपर्यंत, मुलगी खुर्चीपासून मोरीपर्यंत, मी ओट्याच्या आसपास. चपला मांडणीत, हेल्मेट खिळ्याला, बादली भिंतीला, खुर्च्या टेबलाखाली. आईची वाट मोकळी करायची, एवढंच. बाकी घर खड्ड्यात गेलं तरी चालेल. चहा गाळून झाला की आई हात पुढे धरून दारापासून आतपर्यंत एक फेरी मारायची. हाताला किंवा पायाला काही लागलं की उचलून धरायची. “हे कुणाचं?” बहुतेक वेळा मुलीचा केसांचा चाप, नाहीतर नवऱ्याचा ओला टॉवेल. तो म्हणायचा, “आत्या, आमच्या वर्कशॉपच्या इन्स्पेक्टरपेक्षा तुम्ही कडक.” ज्याचं सापडेल त्याला चहा सगळ्यात शेवटी. मलाही मिळालाय शेवटी, खोटं कशाला बोलू.

मधे मधे ये रे माझ्या मागल्या व्हायचंच. पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, की वाट परत तुंबायची. पण दुसऱ्या दिवशी चहा पुन्हा उकळायचाच, आणि एवढ्याशा कामाला नाही म्हणायला कुणाला तोंड नसायचं. हळूहळू आई मोरीपर्यंत भिंत न धरता जायला लागली. मला वाटायचं, जमेल हे. फक्त तिची ती पिशवी दाराजवळ तशीच होती. फेरी मारताना रोज तिच्या पायाला लागायची. ती पायानंच बाजूला सरकवायची. आम्ही कुणीही त्या पिशवीला हात लावला नाही. तिला जागा देणं माझ्या हातात नव्हतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी दादा गाडी घेऊन आला. आपट्याची पानं दिली, पाया पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

सकाळी दादा आमच्या आधी उठला. भला माणूस आहे तो. आईला त्रास नको म्हणून स्वतःच चहा टाकायला गेला, आणि शोधाशोधीत साखरेचा डबा मोरीपाशी ठेवून बसला. आई आली. तिनं हात पुढे केला. हाताला काही आलं नाही. मी अंथरुणाची घडी घालत होते, तशीच थांबले. तिनं पुन्हा हात फिरवला. मला ती मिठाची सकाळ आठवली, वाटलं, संपलं सगळं.

“डबा कुणी हलवला?” आई म्हणाली.

“मी, आई. तू बस, मी देतो करून.”

“तूच बस. आमच्या घरात वस्तू जागच्या जागी लागती. आण इकडं.”

नवरा हातातलं हेल्मेट तसंच धरून माझ्याकडे बघायला लागला. आमच्या घरात, असं म्हणाली होती ती. दादानं गुपचूप डबा आणून दिला. तिनं तो त्याच्या जागी ठेवला, झाकण उघडलं आणि आधणात साखर घातली. मुलीनं मामालाही कामाला लावलं, त्याची वाटेतली बॅग त्यालाच उचलायला लावली. चहा पिऊन झाल्यावर त्यानं आणखी अर्धा कप मागितला. आईनं ओतून दिला, एक थेंब सांडला नाही. तो बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होता.

मग उठला, दाराजवळची आईची पिशवी उचलली आणि म्हणाला, “निघू या ना?”

“ठिव ती खाली,” आई म्हणाली. “रोज पायात येती मेली.” आणि माझ्याकडे तोंड करून, “हिला जागा कर माय. लुगडी मधल्या खणात ठिव, उजव्या हाताला लागतील अशी.”

मी कपाट उघडलं. तिला समोर उभी करून म्हटलं, हात पुढे कर. तो जिथं पडला तिथं लुगडी ठेवली, वर स्वेटर. रिकाम्या पिशवीची घडी करताना माझे डोळे वाहत होते, आणि ते तिला दिसत नव्हतं हे बरंच होतं.

त्या दिवशी माझी बस चुकली. लाइनवर पोचले तर साहेब घड्याळ बघत उभे. उशीर का झाला, विचारलं. म्हटलं, घरी साफसफाई चालू होती. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.