'उत्तर पाहून लिहिले'

पोरीनं गणिताची वही माझ्यापुढं ठेवली आणि मागं सरकून उभी राहिली. सातवीत आहे ती. एका गणितावर लाल शाईनं काट मारलेली, खाली सरांचा शेरा: 'उत्तर पाहून लिहिले.' मी मशीनवर ब्लाउज शिवत होते. काही न विचारता उठले आणि तिच्या पाठीत धपाटा घातला.

"चोऱ्या करायला जाती का शाळेत?"

"म्या न्हाई पाह्यलं, मम्मी."

"मंग करून दाखव. आत्ताच्या आत्ता."

गणित साधं होतं. आयताची परिमिती चाळीस सेंटिमीटर, लांबी रुंदीपेक्षा चारनं जास्त. तर लांबी, रुंदी किती? तिनं माझा कापडावरचा खडू घेतला, फरशीवर आयत काढला आणि नाक ओढत बोलायला लागली.

"याला चारी बाजूंनी लेस लावली तर चाळीस लागती. लांब बाजू दोन. दोन्हीचे जादाचे चार-चार कापून टाकले. आठ गेले, बत्तीस राह्यले. आता चारी बाजू बराबर झाल्या. बत्तीसचे चार भाग, आठ. रुंदी आठ, लांबी बारा." मग कुणी न सांगता पडताळाही केला. "बारा न् बारा चोवीस, आठ न् आठ सोळा. चाळीस."

रोज शेजारी बसून ती माझं लेस लावणं बघायची, त्यातून तिनं हे काढलं होतं. आणि मी तिला चोर ठरवून मोकळी. स्वतःचा इतका संताप आला की त्या दिवशी पुढं एक टाका घातला गेला नाही.

सकाळी तिला घेऊन शाळेत गेले. सर वर्गातच होते.

"सर, हिनं उत्तर पाहून लिहिलं, हे तुम्ही पाह्यलं का?"

"पायऱ्याच नाहीत, ताई. समजा रुंदी एक्स, असं लिहावं लागतं. उत्तर एकदम आलं कुठून?"

"तिला इचारलं का?"

"एवढ्या पोरांत कुणाकुणाला विचारू?" मग हसून म्हणाले, "तुमचं शिक्षण किती झालं?"

"नववी. लग्न लावून दिलं म्हणून सुटलं. पण हिशेब माझ्या शिक्षणाचा न्हाई. तिला फळ्यापाशी बोलवा."

ती गेली. एकेक पायरी सांगत बारापर्यंत पोचली. सर म्हणाले,

"उत्तर बरोबर आहे. पण परीक्षेत असं चालत नाही."

"परीक्षेत लिहील ती एक्स. आधी वहीतला शेरा खोडा."

त्यांनी खोडला. बरोबरची खूण केली.

"आता तिला सांगा की, चुकलं म्हणून."

सरांनी हजेरीपट उघडला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. सगळ्या वर्गासमोर मी दारात तशीच उभी. त्यांनी मान वर केली नाही.

घरी आल्यावर मी तिला म्हणाले, "माझंबी चुकलं, बाई. न विचारता मारायला नको होतं." तिनं नुसती मान हलवली.

आता ती 'समजा एक्स' लिहिते, पायऱ्या एकाखाली एक मांडते, पुरे मार्क आणते. पण अवघड गणित सुटलं की ओरडत माझ्याकडं पळत यायची, ते थांबलं. सरांवर राग आहेच, जायचा नाही. पण ते तिला दिवसाकाठी एकच तास भेटतात. मी तर घरातच असते.