न पाहिलेली बाल्कनी

एका बंद टॉकीजचे फोटो काढायला मी वर्षभर बरकतपुऱ्याहून रिक्षाने जातो आहे. तिथला जुना डोअरकीपर आता राखणदार आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. भर दुपारीही तो टॉर्च लावून पुढे चालतो आणि उजेड मात्र मागे, माझ्या पायांजवळ टाकतो. खेळ चालू असल्यासारखा हळू बोलतो. मी खुर्च्यांमधून आडवा निघालो की रागावतो. "बाजू से आओ साब, बीच में से नक्को."

आता खरं ते लिहून ठेवतो. बाल्कनी धोक्याची आहे, या अहवालावर हे टॉकीज बंद झालं आणि तो अहवाल सरकारी इंजिनिअर म्हणून मीच दिला होता. त्या दिवशी गुडघा दुखत होता, म्हणून मी वर चढलोच नाही. खालून ओल पाहिली आणि सही केली.

गेल्या आठवड्यात मी हे त्याला सांगितलं.

"मैं समझा, देख के लिखे होंगे," तो म्हणाला. "इत्ते साल मैं भी ऊपर नै गया साब. झाडू मारने कू भी नै."

मग त्याने जिन्याचं कुलूप काढलं आणि एकटाच वर गेला. रांगेरांगेत पाय आपटत फिरल्याचा आवाज खाली येत राहिला. शेवटी तो कठड्याशी आला.

"आओ साब. अब देख लो."

मी जिन्याचा कठडा धरून चढलो. पायरी न् पायरी, तुळई न् तुळई तपासली. तडा कुठेच नव्हता.