चादरीचा कोपरा

नागपुरात तलावाकाठी समोरासमोर दोन बडी हॉटेलं आहेत. कामानिमित्त वर्षानुवर्षं फिरून मी दोन्हीकडे सगळ्यात वरच्या दर्जाची सभासद झालेय. दोन्हीकडे मोठी खोली, फुकट नाश्ता आणि "वेलकम बॅक, मॅडम". उतरायचं कुठे, हा माझा लाडका पेच.

यावेळी आई बरोबर होती. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची उभी हयात गेली. म्हटलं, तूच ठरव. दोन्हीकडच्या मॅनेजरांनी खिडकीतून तलाव दाखवला. आईनं दोन्हीकडे गादी उचलून चादरीचा कोपरा पाहिला. पहिल्या हॉटेलात ती नुसतं "चल" म्हणाली. दुसऱ्यात तिनं कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"हा कुणी दुमडला?"

दाराशी टॉवेल घेऊन उभी असलेली बाई बिचकली. "मीच, काकू."

"माझ्या वॉर्डात शोभला असता."

त्या बाईचा चेहरा असा उजळला, की मॅनेजर तलाव विसरला. आणि मी? इतकी वर्षं अशा पलंगांवर गाढ झोपले, पण कोपरा एकदाही पाहिला नव्हता. जगातलं बरंचसं चोख काम असं गादीखाली दुमडलेलं असतं.

निघायच्या सकाळी आईनं हट्टानं पलंग स्वतःच आवरला. तेवढ्यात ती बाई आली. तिनं गादी उचलली, कोपरा नीट न्याहाळला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पास, काकू!"

आई लिफ्टपर्यंत ज्या तोऱ्यात चालली, तशी मी सभासदत्वाचं सोनेरी कार्ड हातात घेऊनही कधी चालले नाही.