कातडीची डॉक्टरीण, करोल बाग

हृदयाचा डॉक्टर लग्नाला गेला तर त्याला निवांत जेवता येतं. पोटाचा डॉक्टरही, जरा जपून का होईना, जेवतो. कातडीच्या डॉक्टरला मात्र ते सुख नाही. मी ताट घेऊन बसले की कुणीतरी शेजारी येतं, "बरं झालं भेटलात" म्हणतं आणि बाही वर करतं. एकदा गणपतीच्या आरतीला उभी होते, तर एका गृहस्थांनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि तिथल्या तिथे पायमोजा काढला. इतर डॉक्टरांचा पेशंट आजार आत घेऊन येतो. आमचा पेशंट तो अंगावर घालून येतो, आणि त्याच्याबरोबर त्याची गोष्टही.

दिल्लीला, करोल बागेत साड्यांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर, माझा दवाखाना होता. आर. के. पुरमच्या क्वार्टर्समधली मराठी मंडळी बस बदलून माझ्याकडे यायची, कारण खाज नेमकी कुठे सुटते हे हिंदीत सांगायचा त्यांना संकोच वाटे. बाहेर काउंटरवर कमलेश बसायची. कमलेश पक्की पंजाबी. माझ्याकडे राहून तिला मराठी सगळं कळायला लागलं होतं, बोलायची मात्र हिंदीच. दवाखाना बंद करताना आम्ही दोघी चहा घ्यायचो आणि ती विचारायची, "डॉक्टर साब, आज की बेस्ट वाली कौन सी?" असे हे किस्से साठत गेले. नावं अर्थातच बदलली आहेत.

•

रानडेसाहेब मोठ्या हुद्द्यावरून नुकतेच रिटायर झाले होते. ते आले तेव्हा कपाळ लाल, कान सुजलेले, पापण्या इतक्या फुगलेल्या की बायकोने हात धरून जिना चढवून आणलं होतं. डोक्यावर केस मात्र काळेभोर.

मी विचारलं, केसांना काही लावता का? ते म्हणाले, काहीही नाही, आमच्या घराण्यात केस पांढरे होतच नाहीत. मी त्यांच्या पत्नीकडे पाहिलं. त्या पंख्याकडे पाहत होत्या.

रंगातलं एक रसायन काही जणांना वर्षानुवर्षं चालतं आणि एक दिवस अचानक चालेनासं होतं. ते मी भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि म्हटलं की समजा, कधीकाळी, कुणी काही लावत असेल, तर आता बंद.

महिन्याने साहेब परत आले. सूज गेली होती. भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा उमटला होता. चेहरा गंभीर करून ते म्हणाले, डॉक्टर, बाकी सगळं ठीक आहे, पण तुमच्या गोळ्यांनी केस मुळापासून पांढरे व्हायला लागलेत.

पत्नी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "गोळ्या बंद करू नका, डॉक्टर."

•

मिसेस साने आल्या त्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ घेऊन. रात्री खाज वाढते, मुलांनाही सुटते, मिस्टरांनाही. पाहिल्याबरोबर कळण्यासारखं होतं. मी म्हटलं, खरूज आहे.

त्या खुर्चीत ताठ झाल्या. "डॉक्टर, आम्ही टाइप फाइव्हमध्ये राहतो."

सरकारी क्वार्टर्समध्ये टाइप म्हणजे पत, हे दिल्लीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी त्यांना समजावलं की हा एक डोळ्यांना न दिसणारा किडा आहे, तो कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणून राहतो आणि खणण्याआधी क्वार्टरचा टाइप विचारत नाही. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, कपडे-चादरी गरम पाण्यात टाकायच्या. एकालाही सूट नाही.

त्यांनी सगळं ऐकलं आणि हळूच विचारलं, याला दुसरं काही नाव नाही का? मी इंग्रजी नाव सांगितलं. तेही त्यांना पसंत पडलं नाही. "आपण अ‍ॅलर्जी म्हणू या."

म्हणा म्हटलं. औषध लावल्याशी कारण.

थोड्या दिवसांनी त्यांच्याच ब्लॉकमधल्या दोन बायका आल्या. दोघी हात खाजवत होत्या आणि दोघींचे चेहरे समाधानी होते. एक म्हणाली, "डॉक्टर, आम्हालाही मिसेस सान्यांची ती वाली अ‍ॅलर्जी झालीय. साफसफाईवाल्या घरांतच होते ना ती?"

•

दिल्लीत वाढलेल्या आपल्या मुलांचं मराठी हा वेगळाच आजार. आठवीतली एक मुलगी आईबरोबर आली होती. चेहऱ्यावर पुरळ नव्हतं, ओरखडा नव्हता, पण रडून रडून डोळे सुजलेले. डोक्यावरून स्कार्फ गच्च बांधलेला. आई म्हणाली, काल हिच्या दंडावर गोल चट्टा दिसला, मी म्हटलं गजकर्ण झालंय, उद्या डॉक्टरांकडे जाऊ. तेव्हापासून जेवली नाही, शाळेत गेली नाही, काय झालंय सांगतही नाही.

मी आईला बाहेर बसवलं आणि मुलीला स्कार्फ सोडायला सांगितला. ती तयार होईना. शेवटी खाली मान घालून तिने विचारलं, "आंटी, किती मोठे होतात?"

मी म्हटलं, काय?

"कान."

शाळेत तिची हिंदी उत्तम होती. गज म्हणजे हत्ती, कर्ण म्हणजे कान. बिचारी रात्रभर आरशासमोर बसून कान मोजत होती. मी तिला दंडावरचा चट्टा दाखवला, ही साधी बुरशी आहे, घामाने होते, मलमाने जाते, कानांशी हिचा काही संबंध नाही, असं शपथेवर सांगितलं. तिने स्कार्फ काढला. तरी जाताना आरशात एकदा दोन्ही बाजूंनी बघून घेतलंच.

•

एका तरुण नवऱ्याने टेबलावर पॉलिथिनची पिशवी ठेवली. आत केसांचा भला मोठा गुंता. बायकोचे आहेत म्हणाला. बाळ काही महिन्यांचं झालंय आणि कंगवा लावला की मूठभर केस येतात. बायको शेजारी बसली होती, आणि तिच्या मांडीवर बाळ. गोंडस होतं, पण माझ्याकडे एकटक बघत होतं, एखाद्या हेडक्लार्कसारखं.

मी चुटकी वाजवली, जीभ दाखवली. नवरा घाईने मध्ये हात घालत म्हणाला, नको डॉक्टर, प्लीज.

हळूहळू उलगडा झाला. त्याच्या सासूबाई नागपूरहून बाळंतपणाला आल्या होत्या. बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात, असं त्यांचं ठाम मत. म्हणून घरात सगळ्यांना ताकीद होती, बाळाला हसवायचं नाही. आजोबासुद्धा नातवासमोरून तोंड फिरवून जात.

मी त्यांना सांगितलं की गरोदरपणात गळायचे केस गळत नाहीत, थांबून राहतात. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी ते सगळे एकदम सुट्टीवर निघतात. नेमकं तेव्हाच बाळ हसायला लागतं, त्यात त्याचा काय दोष? केस परत येतात. मुळं जागच्या जागी आहेत.

बायकोने सुटकेचा श्वास सोडला. नवऱ्याने मात्र खात्री करून घेतली. "म्हणजे आता घरी हसवलं तर चालेल?"

•

भोसले एका मंत्रालयात क्लार्क. स्वभावाने इतका भिडस्त की कमलेशने नाव पुकारलं तरी दुसरं कुणी उठतंय का ते आधी बघायचा. टाचांच्या भेगा दाखवायला आला होता. मी टाचा बघत होते आणि त्याचे हात गुडघ्यांवर होते. सगळ्या नखांवर, एकाच उंचीवर, आडवी खाच.

मी विचारलं, दोनेक महिन्यांपूर्वी खूप आजारी होतास का?

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग डोळे भरून आले. दिवाळीला गावी गेला होता, तिथे टायफॉइड झाला, अंथरुणाला खिळला. गावातल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट साहेबांनी बाजूला सारलं आणि पगार कापला. साहेबही मराठीच. ते चारचौघांत म्हणाले होते की भोसले, गावाकडची सर्टिफिकेटं आम्हालाही ठाऊक आहेत, मेहुण्याचं लग्न कसं झालं ते सांगा. तेव्हापासून ऑफिसात सगळे त्याला मेहुण्याची तब्येत विचारत. पैशाचं एवढं नाही, तो म्हणाला, पण खोटारडा ठरलो.

मी त्याला समजावलं. मोठा ताप आला की शरीर नखं वाढवायचं काम थोडे दिवस बंद ठेवतं. ताप गेला की काम पुन्हा सुरू होतं, पण बंद पडल्याची खाच नखावर राहते आणि नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते. ती कुठवर आली यावरून आजार साधारण कधीचा ते सांगता येतं. मी म्हटलं, साहेबांना हात दाखव आणि माझा नंबर दे.

भोसलेने हे धाडस कसं केलं कोण जाणे, पण केलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. भोसलेची परवानगी होती, म्हणून मी सगळं सांगितलं. नंतर भोसलेने येऊन सांगितलं की साहेबांनी सगळ्यांना बोलावून, ज्या आवाजात मेहुण्याचं म्हणाले होते त्याच आवाजात, माफी मागितली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या महिन्यात त्याच ऑफिसातली एक स्टेनो रागारागाने माझ्याकडे आली. "मॅडम, आमच्या साहेबांना काय शिकवून ठेवलंय तुम्ही? मी डोकं दुखलं म्हणून अर्ध्या दिवसाची सीएल घेतली, तर म्हणतात नेलपॉलिश काढून दाखवा."

•

आणि आता मृणाल.

मृणाल कॉलेजात असल्यापासून यायची. उजव्या मनगटावर आणि घोट्यावर पांढरे डाग. कोड. तिची आई तो शब्द कधीच उच्चारत नसे. "तिचं ते" म्हणायची. मी दर वेळी तेच सांगायची: कातडीला रंग देणाऱ्या पेशींनी तेवढ्या जागेत काम थांबवलंय, बाकी कातडी धडधाकट आहे, हे कुणाला लागत नाही, आणि महारोगाशी याचं काही नातं नाही. आई मान डोलवायची आणि मुलीला पूर्ण बाह्यांचे ड्रेस शिवायची.

मग स्थळ आलं. देवधरांचा मुलगा, इंजिनियर, दिल्लीतच वाढलेला. आईने माझ्याकडे डाग झाकायचं क्रीम मागितलं, निदान लग्न होईपर्यंत. मृणालने ते घेतलंच नाही. दुसऱ्या भेटीत तिने कॉफी पिता पिता बाही वर करून मुलाला मनगट दाखवलं. तो म्हणाला, बरं. आणि घरी जाऊन त्याने आईला सांगितलं. त्यानंतर देवधरांकडून काहीच कळेना. मृणालची आई रोज फोनजवळ बसून राहायची. मृणाल तेव्हा माझ्याकडे आली ती बाह्या पार मनगटापर्यंत ओढून.

एका दुपारी कमलेशने एक नवीन पेशंट आत पाठवली. उंच बाई, कडक इस्त्रीची कलकत्ता साडी, कपाळावर रुपयाएवढी मरून रंगाची टिकली. मी मिसेस देवधर, त्या म्हणाल्या. मृणालबद्दल विचारायचं होतं.

मी सांगितलं की एका पेशंटबद्दल दुसऱ्या कुणाशी मी बोलत नाही, पेशंटला विचारल्याशिवाय तिच्या आईशीसुद्धा नाही. मला वाटलं, उठून जातील. त्या उठल्या खऱ्या, पण दाराला आतून कडी लावून परत बसल्या. मग त्यांनी नखाने टिकली सोडवली आणि टेबलाच्या कडेला चिकटवली.

टिकलीच्या जागी तेवढाच, तसाच गोल, पांढराशुभ्र डाग होता.

मुलगा बालवाडीत होता तेव्हापासून आहे, त्या म्हणाल्या. टिकली बदलायची ती न्हाणीघरात, कडी लावून. झोपतानाही लावूनच. मिस्टरांनी आजवर पाहिलेला नाही. डॉक्टरलासुद्धा कधी दाखवला नव्हता. मी बोलायला लागले तशा त्या टेबलावरच्या टिकलीकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, टिकलीच्या गोंदाने असं होतं, पुष्कळ जणींना होतं. गोंद बंद करा. चांगलं कुंकू लावा, नाहीतर काही लावू नका. रंग परत येईल किंवा येणारही नाही.

"म्हणजे माझं गोंदाचं," त्या म्हणाल्या. "आणि तिचं?"

त्यांनी टिकली उचलली, थोडा वेळ हातात धरली, मग पुन्हा कपाळावर लावली आणि नमस्कार करून गेल्या.

साखरपुडा एका सरकारी गेस्ट हाउसच्या हॉलमध्ये होता. मला आणि कमलेशला, दोघींना बोलावणं होतं. मृणाल हिरव्या साडीत, बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये. तिची आई माझ्याजवळ येऊन कुजबुजली की ऐकतच नाही हो ही.

मग देवधर मंडळी आली. मिसेस देवधर पुढे, मिस्टर मागे. मृणालच्या आईने एकदा मिसेस देवधरांच्या कपाळाकडे पाहिलं, एकदा मिस्टर देवधरांकडे पाहिलं, आणि पर्समधून घाईघाईने टिकल्यांचं पाकीट काढलं.

"विहीणबाई, गडबडीत टिकली राहिली वाटतं."

"नाही, राहिली नाही," मिसेस देवधर म्हणाल्या आणि मृणालसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मृणालने हळदीकुंकवाचा करंडा उचलला. बोटावर कुंकू घेतलं, आणि बोट तिथेच थांबलं. डाग तिने आत्ताच पाहिला होता. कुठे लावावं तिला कळेना.

मिसेस देवधरांनी तिचं मनगट धरून हात आपल्या कपाळाशी नेला.

"थोडं वर लाव," त्या म्हणाल्या. "दोन्ही दिसू देत."