पयली माजी मान बघा

आधी भागीमावशीचं नाव लिहिते. मासवणची. बोईसरच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला माझ्या शेजारी बसायची. डबा खाताना माझ्या गळ्याकडे बघायची, म्हणून आधी तिचाही मला संशयच होता.

सुरतेला प्लेग आला होता. गेटवर सुपरवायझरने मला रांगेतून बाहेर काढलं.

"गळ्याचा पदर काढ."

काढला. डाव्या बाजूला खड्डा, भोवती काळी पडलेली कातडी. त्याने नाकावर रुमाल धरला आणि लाकडी पट्टीने माझी हनुवटी वर केली. सगळ्यांसमोर.

"प्लेगची गाठ आहे?"

"नाही साहेब. लहानपणी कॅन्सर झाला होता. तेव्हाच गाठ काढली, किरणांचे शेक दिले. बरी झाले."

हे इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या आजारापायी चौथीतून शाळा सुटली, पुढे ठरलेलं लग्न मोडलं. म्हणून तर बार्शीकडचं गाव सोडून एवढ्या लांब आले. वाटलं, खरं सांगितलं की सुटेन. रांग आणखी मागे सरकली.

"म्हणजे हिला दोन-दोन रोग!" कुणीतरी हसलं.

प्लेगवरच्याच कॅप्सूल आम्ही भरत होतो. त्यांना हात लावायचा नाही म्हणून मला ड्रम धुवायला घातलं. रोज गेटवर मान दाखवायची, तरच आत. दाखवत राहिले. सरावली गावातल्या भाड्याच्या खोलीत बसून स्वतःचीच मान चाचपायची. प्लेग नसेल, पण जुनंच परत आलं असेल तर? स्वतःच्या बोटांचाही भरवसा वाटेना.

एका सकाळी पट्टी वर आली आणि भागीमावशी मधे घुसली.

"पयली माजी मान बघा. मंग हिची. मंग तुमची बी, सायेब."

"उद्यापासून येऊ नकोस तू."

"नाय येत. पोर काय बाजारातली मच्छी हाय, कल्लं उगडून बघायला?"

ती गेली. पट्टी पुन्हा माझ्या हनुवटीखाली आली. मी ती हाताने बाजूला सारली.

"सगळ्यांची बघणार असाल तर रांगेत उभी राहते. एकटीची नाही दाखवणार."

"मग तूही चालायला लाग."

लागले.

अजूनही कुणी गोड आवाजात "गळ्याला काय झालं गं?" विचारलं की मला संशय येतो. येऊ दे. पदर मात्र आता गळ्याभोवती घेत नाही.

मला दुसरीकडे काम लागलंय. मावशी, तुला अजून नाही. एक दिवस या नव्या गेटवर तुला कामाला घेऊन येईन. तुझ्यापुढे कुणी पट्टी उचलली, तर मधे मी असेन.