वंशावळीत पारूबाई

माझे सासरे अप्पाराव हिवराळे यांनी घराण्याची वंशावळ काढली ती इतकी देखणी की पडताळणी कार्यालयातल्या कारकुनानं ती शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवली. अप्पांनी चाळीस वर्षं औरंगपुऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळं अक्षराला तोड नाही. सगळ्यात वर सांडू, खाली कडुबा, त्याखाली अप्पा स्वतः, त्याखाली माझा नवरा अतुल आणि तळाला अर्जदार म्हणून माझी मुलगी निशा. पाच पिढ्यांत पहिली बाई निशाच. तिच्याआधी या घरात बाप्यांना थेट बापेच होत आले असावेत, असं तो कागद वाचून कुणालाही वाटलं असतं.

मी शाळेत गणित शिकवते. मला असलं काही दिसलं की खटकतं.

"मुलींची नावं टाकत नसत्यात," अप्पा म्हणाले.

"कोण टाकत नाही?"

"कुणीच नाय."

मी तेव्हा सोडून दिलं, कारण डोक्याला दुसराच ताप होता. निशाला डॉक्टरकीला तात्पुरता प्रवेश मिळाला होता. जात पडताळणीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात, ते मुदतीत दिलं तरच ती जागा तिची, नाहीतर वर्षही गेलं आणि जागाही गेली. त्यासाठी बापाच्या घराण्यातल्या रक्ताच्या कुणाचा तरी, जात लिहिलेला, एकोणीसशे पन्नासच्या आधीचा कागद लागतो. आमच्याकडं सांडू शाळेत गेला नव्हता, कडुबाही गेला नव्हता. अप्पा गेले, पण सत्तावन्न साली, म्हणजे धर्मांतरानंतर. त्यांच्या दाखल्यावर ठळक 'बौद्ध' लिहिलंय. आम्हाला त्याचा अभिमान, समितीला त्याचा उपयोग शून्य. त्रुटीचं पत्र आलं, एकवीस दिवसांत पुरावा द्या.

अतुल वाळूजला कंपनीत आहे. त्याला सुट्टी मिळेना. मलाही मिळत नव्हती, पण ते कुणी विचारलं नाही. पुंडलिकनगरहून पडेगावपर्यंत स्कूटीवर चार चकरा मीच मारल्या. हिवराळे पडेगावात कित्येक पिढ्या राहिले आणि एवढ्या काळात कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यामुळं तलाठ्याच्या दप्तरात आम्ही नाही. शेवटी एका म्हाताऱ्यानं सांगितलं, सांडू निजामाच्या काळात छावणीकडं घोड्यांच्या तबेल्यात कामाला होता आणि तिथल्या कामगारांच्या पोरांसाठी शाळा होती. शाळा अजून आहे. जुनी रजिस्टरं उर्दूत. ती वाचायला शाळेनं एका निवृत्त मास्तरांना बोलावलं. कडुबा शाळेत गेल्याचं घरी कुणाला माहीत नव्हतं, तरी मी त्यांना म्हटलं, कडुबा सांडू शोधा.

मास्तरांनी दोन तास पानं उलटली. "कडुबा नहीं है बेटा," ते म्हणाले. "पारू है. पारू बिंत सांडू, साकिन पडेगाव. तेरह सौ अडतालीस फसली."

बिंत सांडू म्हणजे सांडूची मुलगी, आणि तेराशे अठ्ठेचाळीस फसली म्हणजे एकोणीसशे अडतीसच्या आसपास. जातीच्या रकान्यात समितीला हवी होती ती जात, अगदी स्वच्छ. ज्या शब्दानं सांडूला जन्मभर पाण्यापासून लांब उभं केलं, तो शब्द कागदावर सापडला म्हणून मी येताना पेढे घेतले. गाडीवर बसल्यावर त्याची लाज वाटली. पेढे मात्र घरी आणले.

"पारू कोण?" मी अप्पांना विचारलं.

"असंल कुणी. पडेगावात सांडू काय एकच व्हता?"

एवढं बोलून ते भाजी आणायला गेले. घरात दोन दिवसांची भाजी होती.

मी फाइल परत काढली. अप्पांच्या शाळाप्रवेशाच्या अर्जाची झेरॉक्स आम्ही आधीच जोडलेली होती. त्यातला जातीचा रकाना सोडून बाकी कुणी काही वाचलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. आता वाचलं. पालकाचं नाव : पारूबाई सांडू हिवराळे. विद्यार्थ्याशी नातं : आत्या. व्यवसाय : बाइंडिंग. अक्षर टपोरं, एका रेषेत.

अप्पा मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले. सासूबाई निवडायला बसल्या. मी तो कागद मेथीशेजारी ठेवला. अप्पांनी तो उचलून वाचला. मग त्यांनी सांगितलं ते असं.

तबेल्याच्या साहेबानं सांडूला हुकूम दिला, एक लेकरू शाळेत घाल. कडुबा गवत कापायला उपयोगी होता. कामाचं पोरगं कशाला वाया घालवायचं म्हणून सांडूनं बिनकामाची पोरगी घातली. ती चार यत्ता शिकली. तेराव्या वर्षी फुलंब्रीकडं लग्न झालं. नवऱ्यानं दोन वर्षांत दुसरी आणली, तेव्हा पारूबाई चालत घरी आली. कडुबा म्हणाला, माघारी जा. ती गेली नाही. औरंगपुऱ्यात एका बाइंडिंगच्या दुकानात तिनं काम धरलं, दुकानामागच्या खोलीत राहिली. पानं मोजायची, दोऱ्यानं शिवायची, पुठ्ठा चिकटवायची. तंबाखू खायची आणि पानांचा क्रम चुकला तर मालकालाही शिव्या द्यायची. मालकानं तिला तीस वर्षं ठेवलं, कारण तिच्या हातचं पान कधी उलटं लागलं नाही.

अप्पांना अक्षर तिनंच शिकवलं, वाया गेलेल्या पुठ्ठ्यांवर, कोळशानं. रेघ हलली की हातावर फुटपट्टी. कडुबा त्यांना शेळ्यांमागं धाडणार होता. पारूबाई त्यांना हाताला धरून शाळेत घेऊन गेली, बाप आजारी आहे असं हेडमास्तरांना सांगितलं आणि अर्ज स्वतः भरला. कडुबा तेव्हा ठणठणीत होता.

"मग वंशावळीत का नाही टाकलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता.

अप्पांनी सासूबाईंकडं पाहिलं. "हिच्या घरचे बघायला आले, त्र्याहत्तर साली. त्यांनी इचारलं, घरात नवरा टाकून आलेली बाई हाय का. बाप म्हणला, मला बहीणच नाय."

"अन् तुम्ही?"

"मी तिथंच बसलो व्हतो."

आत्याला लग्नाला बोलावलं नाही. तीही आली नाही. त्यानंतर घरच्यांसाठी ती नव्हतीच.

सासूबाईंनी मेथीची एक काडी पूर्ण निवडली. "मला पन्नास वर्षं आत्तेसासू व्हती व्हय?" त्या म्हणाल्या. "तव्हाच सांगितलं असतं तरी मी लगीन केलं असतं. तुमच्याकडं सायकल व्हती."

आम्ही नवी वंशावळ दिली. सांडूच्या खाली दोन रेघा, कडुबा आणि पारूबाई. सोबत छावणीकडच्या शाळेचा उतारा, त्याचं भाषांतर आणि अप्पांचं प्रतिज्ञापत्र. मला वाटलं, झालं काम. पण दक्षता पथकाच्या मॅडमनी अप्पांना चौकशीला बोलावलं. आधीच्या वंशावळीत नसलेली बाई नेमकी पुरावा लागल्यावर कुठून आली, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं.

मॅडमनी प्रवेशअर्जावर बोट ठेवलं. "हिवराळे नाव कुणीही लिहू शकतं. या बाई तुमच्या आत्याच, याला दुसरा काही आधार?"

अप्पांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. सरकारी दवाखान्याचा होता, एकोणनव्वद सालचा. पारूबाईचा मृतदेह ताब्यात घेतल्याची नोंद. खाली अप्पांच्या अक्षरात पारूबाईचं नाव, त्यांचं स्वतःचं नाव, आणि मयताशी नातं या शब्दांपुढं : ओळखीचा.

निशा डॉक्टर होणार की नाही हे ज्या एका नात्यावर ठरणार होतं, ते नातं नसल्याचा लेखी पुरावा माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवला होता. हा कागद कुणी मागितलेला नसताना. मला त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर न्यावंसं वाटलं.

"इथं तर ओळखीचा लिहिलंय," मॅडम म्हणाल्या.

"व्हय. खोटं लिवलंय. बाप जिवंत व्हता, घरात बायको व्हती." अप्पा म्हणाले. "दर महिन्याला जायचो तिच्याकडं. शेवटाला पाणी मीच पाजलं. भाचा लिवायला तर निम्मा येळ बी लागला नसता. तरी मी हे लिवलं."

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. मग चष्मा कपाळावर सरकवून जवळ घेतले. मीही वाकून पाहिलं. सत्तावन्नच्या अर्जातला 'पारूबाई' आणि एकोणनव्वदच्या कागदातला 'पारूबाई' यांत काही फरक नव्हता. रूचा उकार तसाच खाली लांब ओढलेला, बाचा काना तसाच तिरका.

"हे दोन्ही तुम्हीच लिहिलंत?" मॅडमनी संशयानं विचारलं. मग त्यांनीच सालं पाहिली. "सत्तावन्नला तुम्ही किती वर्षांचे होता?"

"सहा. तव्हा मला लिवता येत नव्हतं. पुढं तिनंच शिकवलं."

मॅडमनी अहवालात बराच वेळ काही लिहिलं. आम्हाला वाचायला दिलं नाही. मुदतीच्या चार दिवस आधी निशाची व्हॅलिडिटी आली. जागा पक्की झाली. मी त्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये रडले आणि सगळ्यांना वाटलं की निशा नापास झाली.

अप्पांचं काम मात्र अजून झालेलं नाही. दवाखान्याच्या नोंदीत 'ओळखीचा' खोडून 'भाचा' करून द्या, असा अर्ज घेऊन ते हिंडतायत. दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेले होते. खिडकीतला माणूस सभ्य होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पस्तीस वर्षं झाली. आता मयताला काय फरक पडतो?"

"तिला नाय पडत," अप्पा म्हणाले. "मला पडतो."

त्यानं सोमवारी परत यायला सांगितलंय.