कोरडे

कारखान्यात त्याला सगळे कोरडे म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं.

लोखंडी कपाटांच्या त्या कारखान्यात त्याने बावीस वर्षं रंगाची गन चालवली. आज कपाटं कोणत्या रंगाची झाली, हे घरी सांगावं लागत नसे. बायको त्याचा रुमाल बघायची, "आज राखाडी वाटतं," म्हणायची आणि तो वेगळ्या बादलीत टाकायची. फवाऱ्याचे जाड थेंब कपाटावर नाहीतर फरशीवर बसत. बारीक कण मात्र तासन्‌तास हवेत तरंगत, आणि जागा शोधता शोधता एकदाचे माणसाच्या छातीत जाऊन बसत. तोंडाला बांधायला कारखान्याने फडकं दिलं होतं. त्याने रंग अडत नसे, वास अडत नसे, फक्त बोलणं अडत असे. कारखान्याला तेवढं पुरे होतं.

बाहेर पडायची वाट एकच. सिगारेट ओढणाऱ्यांना दर दोन तासांनी दहा मिनिटं सुट्टी मिळे, कारण रंगाजवळ काडी पेटली तर कपाटं जळायची. न ओढणाऱ्याचं बाहेर काय काम? म्हणून पहिल्याच महिन्यात त्याने कारखान्याच्या फॉर्मवर 'धूम्रपान'पुढे 'होय' लिहिलं, आणि पुढे बावीस वर्षं न पेटवलेली सिगारेट ओठांत धरून आवारात हवा खाल्ली. एक सिगारेट आठवडाभर पुरायची. पॅकिंगमधला मेहुणा शेजारी उभा राहून खरोखरची फुंकायचा. "दाजी, कोरडीच किती दिवस ओढणार?" तिथून ते नाव चिकटलं.

रंगखात्याचा पंखा आतली हवा त्याच आवारात फेकायचा. तिथल्या झाडाला कपाटांच्या रंगाची पानं येत. पण त्याला ती हवा गोड लागायची.

मग छाती भरली. डॉक्टर म्हणाले, घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल, जन्मभर. आजार कामामुळे झाला असं ठरलं तर ते कारखान्याने द्यायचं. नाहीतर ज्याचं त्याने बघायचं. त्यासाठी त्याने अर्ज केला आणि कामगार कचेरीत सुनावणी लागली.

अधिकाऱ्यांनी राखाडी कपाटातून फाइल काढली. दाराच्या कोपऱ्यात रंग किंचित ओघळला होता. त्याने आपला हात ओळखला.

"सिगारेट ओढत होतात?"

"नाही साहेब."

"मग हे 'होय' कुणी लिहिलं?"

"मीच."

मेहुणा मध्ये पडला. "साहेब, एकदाही पेटवली नाही यांनी. म्हणून तर कोरडे म्हणतात!"

"म्हणजे बावीस वर्षं खोटं सांगून सुट्टी घेतली?"

"श्वास घ्यायला, साहेब."

"फॉर्मवर तसा रकाना नाही." अधिकारी न्यायी माणूस होते, हीच पंचाईत होती. "हे 'होय' खरं असेल, तर आजार सिगारेटचा. खोटं असेल, तर तुमच्या आजच्या बोलण्यावर मी विश्वास कसा ठेवू?"

बायको उभी राहिली. "मी यांचे रुमाल धुतलेत, साहेब. रोज रंग निघायचा. राखाडी, हिरवा..."

"एखादा न धुतलेला आहे?"

ती खाली बसली. बावीस वर्षांत तिने एकही रुमाल तसा ठेवला नव्हता. टापटिपीची आवड नडली.

अर्ज फेटाळला गेला. फाइल परत त्याच्याच कपाटात गेली.

दोन जिने उतरायला त्याला पाव तास लागला. शेवटच्या पायरीवर बसून त्याने खिशातून जुनी, मऊ पडलेली सिगारेट काढली.

"काडी आहे का रे?"

"वेड लागलंय का तुम्हाला?" बायको ओरडली.

"निदान त्यांचं रेकॉर्ड तरी... खरं होऊ दे."

मेहुण्याने सवयीने खिसे चाचपले, मग ओशाळून हात बाहेर काढले.

"दाजी, मी सोडून आठ वर्षं झाली."

पाणी आणायला मेहुणा दोन्ही जिने पुन्हा चढून गेला आणि उतरून आला. त्याला धापही लागली नव्हती.